आत्या, मी आणि धोंड्याचा महिना

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळायचं नाही. आधी आत्या त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघायची. आत पांढरं दिसलं तर "रगत न्हाई अंगात" आणि लाल दिसलं तर "बरं हाय" असं म्हणायची, आणि मगच तांब्या आणायला सांगायची. मग तो पाहुणा बाबांचा सोयरा असो, ग्रामसेवक असो की म्हैस बघायला आलेलं गिऱ्हाईक असो. गिऱ्हाइकाबरोबर म्हशीचीही पापणी तिनं एकदा बघितली होती. व्यवहार झाला नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सरकारी उपकेंद्रांमध्ये नर्स म्हणून तिनं तीसेक वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर दोन लोखंडी पेट्या घेऊन ती साखऱ्याला आमच्याकडे राहायला आली. एका पेटीत पातळं, दुसरीत पुस्तकं. पातळांची पेटी मी एकटीनं उचलली. पुस्तकांची पेटी उतरवताना बाबांची आणि टेम्पोवाल्याची, दोघांचीही कंबर धरली. आत्यानं दोघांना एकाच बाटलीतलं मलम लावायला दिलं.

तिची एक सवय मला असह्य होती. कुठलंही पुस्तक हातात घेतलं की ती आधी शेवटचं पान वाचायची. नुसतं वाचून थांबायची नाही, तर पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं पुढच्या वाचणाऱ्यासाठी शेरा लिहून ठेवायची. "बाई मरते. तरी वाचा." "कोणी मरत नाही." "कुत्रं मरतं. जेवणाआधी वाचू नये." एका जाडजूड कादंबरीवर तिनं लिहिलं होतं, "सगळेच मरतात. लेखकाला दुसरं काम नव्हतं." मी चौदा-पंधरा वर्षांची होते आणि वाचनाच्या बाबतीत फार सोवळी होते. मी खोडरबर घेऊन बसायचे आणि शेरे खोडायचे. तिनं पुढच्या वेळी बॉलपेन वापरलं. असं का करतेस म्हणून मी एकदा भांडले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "पेशंट वाचतो का न्हाई, हे माहीत नसताना लय वर्षं बसले मी. आता न्हाई बसवत."

मी शाळा का सोडली, हे कुणी विचारलं तर मी सांगत असे की शाळेत माझ्या वाचनाला वाव नाही. अगदी ह्याच शब्दांत. खरं कारण वेगळं होतं. नववीत गणिताच्या तासाला मी गणिताच्या पुस्तकात कादंबरी ठेवून वाचत होते. सरांनी बघितलं. ते ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, एवढं रंगून वाचतेस तर आम्हालाही ऐकव. नायकानं नायिकेचा हात नुकताच हातात घेतला होता. मी ते सगळं, तो हात सोडेपर्यंत, उभी राहून वाचलं. त्यानं हात सोडायला दीड पान घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मला पित्त झालं आणि ते कुठल्याच औषधानं उतरेना.

बाबांनी आठ दिवस वाट बघितली. मग आत्यानं माझी पापणी बघितली, जीभ बघितली आणि त्यांना सांगितलं, "हिला काही झालं न्हाई. लाज वाटली हाय पोरीला. ती उतरायला वेळ लागतो. तवर मी शिकवते घरी." सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं, हे तिला ठाऊक होतं. आईला एवढंच समजलं की पोरगी आता दिवसभर घरात असणार, म्हणजे निदान भाकरी तरी शिकेल. ती भाकरी मला अजून येत नाही.

आत्याचं गणित शिकवणं दवाखान्यातलं होतं. साठ मिलीची बाटली, पाच मिली दिवसातून तीनदा, तर किती दिवस पुरेल, असं ती विचारायची. मी चार दिवस म्हणाले की ती पुढं विचारायची, "आन् लेकरानं थुकलं तर?" हे पुस्तकात नसतं, असं मी म्हटलं की म्हणायची, पुस्तकातलं लेकरू थुकत नसंल, आपलं थुकतं. गावातली माणसं बाबांना वाटेत गाठून विचारायची, पोरीनं शाळा काहून सोडली. बाबा त्यांना आत्याकडे पाठवायचे. आत्या प्रत्येकाला निराळं उत्तर द्यायची. एकाला सांगितलं की बाक टोचतो. दुसऱ्याला सांगितलं की शाळा हिला सोसत होती, हीच शाळेला सोसत नव्हती. तिसऱ्याची नुसती पापणी ओढून बघितली आणि त्याला पालक खायला सांगितलं.

त्या वर्षी श्रावण अधिक आला. अधिक महिन्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. ह्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे आणि जावयाला तांब्याच्या ताटात तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. आई महिनाभर आधीपासून त्या तयारीला लागली होती, कारण ताईच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. शेतात सोयाबीन खुरपणीला आलेलं, हळदीत माणसं लागलेली. आणि मी घरात जाहीर केलं की ह्या तीस दिवसांत मी तीस पुस्तकं वाचणार. यादी करून ती कणकेच्या डब्याच्या वर, भिंतीला चिकटवली. आईनं यादी बघितली आणि खालचा डबा पुसायला सांगितला.

तीसपैकी अकरा पुस्तकं झाली. त्यातली तीन लहान मुलांची होती आणि चित्रं मोठी होती. पण त्या अकरा पुस्तकांनी माझ्या बोलण्याचं काय केलं ते विचारू नका. मी "किंचित" म्हणायला लागले. एका सकाळी मी आईला सांगितलं की आज मी विषण्ण आहे. आई म्हणाली, मग ताक पी. संध्याकाळी शेजारच्या बाया अधिक महिन्याची पोथी ऐकायला ओसरीत जमायच्या आणि वाचायचं काम माझ्याकडे होतं. मी राक्षसाचा आवाज वेगळा काढायचे, राणीचा वेगळा. मध्येच थांबून अवघड शब्दाचा अर्थ सांगायचे. आठवड्याभरात बाया निम्म्यावर आल्या. मला वाटलं, श्रोत्यांची पातळी कमी पडते आहे.

ताई महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात आली. तिचं सासर नर्सीचं. दाजींचं तिथं रस्त्यालगत मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीतल्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायची आणि वरून वार्निश द्यायचं, हा त्यांचा धंदा. माणूस अबोल. मिशा भरघोस. बोटं वार्निशनं कायम काळी. लग्नात ते एकूण तीन वाक्यं बोलले, मी मोजली होती. त्या काळात मी ज्या कादंबऱ्या वाचत होते, त्यांत अशा मिशांचा माणूस कधीच चांगला निघत नसे.

आणि ताई बदललेली होती. पूर्वी जेवताना माझ्या ताटातली मिरची उचलणारी ताई आता ताट सरकवून ठेवायची. फोडणीचा वास आला की डोळ्यांत पाणी आणून उठायची. दुपारभर गोठ्यामागच्या दगडावर बसून कुठंतरी बघत राहायची. दाजींचा फोन आला की ती मोबाइल पालथा घालायची. तिच्या मनगटावर एक डाग होता, तो मी दोन दिवस निरखून बघितला. तो तव्याचा चटका होता आणि ताई बारा वर्षांची असताना माझ्यासमोरच बसला होता, हे मला नंतर आठवलं. त्यावेळी मी वहीत लिहिलं, "मनगटावर डाग. मौन."

आत्यानं मला लिहिताना बघितलं. काय लिहून राहिलीस, म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, निरीक्षणं. तिनं वहीकडे बघितलं आणि ती लसूण सोलायला लागली.

धोंड्याच्या दिवशी दाजी त्यांच्या आईला घेऊन आले. बाबांनी दाजींचे पाय धुतले, पाटावर बसवलं. शेजारचे दोघं-तिघं होते. आईनं धोंडे वाढायचं मानाचं काम मला दिलं, कारण दुसरं काही माझ्याकडून होण्यासारखं नव्हतं. दाजींच्या ताटात मी पहिला धोंडा ठेवला, त्यावर तूप सोडलं, आणि पातेलं हातात तसंच धरून उभी राहिले. वाक्य मी तीन दिवस पाठ केलं होतं.

"दाजी," मी म्हणाले, "माझ्या ताईचा तुमच्या घरी छळ होतो आहे काय? मला उत्तर हवं आहे."

दाजींचा हात ताटावर राहिला. तेवढ्यात तुपाच्या वासानं ताई तोंडाला पदर लावून मोरीकडे पळाली आणि तिथं तिला ओकारी झाली. मी पातेल्यासकट तिकडे हात केला आणि म्हणाले, "बघा." ते आठवलं की आजही मी एकटी असले तरी डोक्यावरून पांघरूण घेते.

आत्या उठली. ताईचं डोकं धरून तिला चूळ भरायला लावली, तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि दारात येऊन कुणाकडेही न बघता म्हणाली, "पोटुशी हाय ती. तिसरा लागल्याबिगर सांगायचं नव्हतं तिला. म्हणून गप हाय."

एरवी ही बातमी ऐकून आईनं साखर वाटली असती. ती पदराला हात पुसत नुसती उभी राहिली. ताईच्या सासूबाई सावकाश उठल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, सुनेला माहेरी आठ दिवस जास्तीचा आराम मिळावा म्हणून त्यांनीच लवकर पाठवलं होतं. त्या बाबांना म्हणाल्या, "आमी लेकीसारखं ठेवलं. तुमच्या घरात आमच्याबद्दल असं बोलणं चालतं, हे माहीत नव्हतं." बाबा हात जोडून काही बोलत होते. ताई पंचमीपर्यंत राहायची होती, पण त्या तिला त्याच दुपारी घेऊन गेल्या. दाजींनी गाडी काढली. वाणाचं ताट पाटाजवळ तसंच राहिलं. जावयानं वाण न नेणं म्हणजे काय, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. ताईनं जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

त्या दिवसानंतर घरात माझ्याशी फक्त कामाचं बोलणं होतं. मला स्वतःला एकच गोष्ट छळत होती. ताई तिथं सुखात होती. आता ती कशी असेल, ते मला माहीत नव्हतं. एखाद्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं तरी सासूबाई म्हणणार, बोललं तर छळ होतो म्हणशील. कादंबरीतली सासू मी मनात रंगवली होती, आणि आता बहुतेक ती खरीखुरी मीच तयार केली होती.

बाबांनी भिंतीवरची यादी काढली आणि पुस्तकांची पेटी ओढून माळवदावरच्या खोलीत टाकली. ते आत्याला म्हणाले, "अक्का, तुमच्या पुस्तकांनी पोरगी वाया गेली. पुढल्या महिन्यात हिला हिंगोलीला वसतिगृहात टाकतो." मीही तिच्यावरच उखडले. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं तर मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. पेशंटचं बाहेर सांगत न्हाई, एवढंच ती म्हणाली. मग म्हणाली की तू ते वहीत लिहून मोकळी होशील असं वाटलं होतं, तोंडानं विचारशील असं वाटलं नव्हतं. ती हे रागानं म्हणाली की कशानं, ते मला तेव्हा समजलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला पोलक्याची बटणं नीट लावायला सांगितली, आईकडून अनारशांचं ताट मागून घेतलं, फडक्यात बांधलं आणि आम्ही दोघी एस.टी.नं नर्सीला निघालो. बाबांना तिनं विचारलं नाही. मी रात्री माफीचं दोन पानी भाषण लिहिलं होतं. ते बसमध्ये मनातल्या मनात म्हणत होते.

दाजी दुकानात एका उघड्या मोटारीशी बसले होते. आम्हाला बघून उठले, स्टूल पुसलं, हात पुसले, पुन्हा स्टूल पुसलं. आत्यानं त्यांची पापणी बघितली. मग आम्ही मागच्या घरात गेलो. सासूबाईंनी या म्हटलं, बसा म्हटलं नाही. आत्या आपणहून बसली आणि त्यांच्याही डोळ्याला हात लावला. त्या इतक्या चकित झाल्या की मान मागे घ्यायलाही विसरल्या. "तुमालाच रगत कमी हाय," आत्या म्हणाली, "सुनेला पालक करून घालता, तुमी खात न्हाई."

मग तिनं मला खूण केली. मी उभी राहिले आणि सुरुवात केली, "अपरिपक्व मनाच्या आवेगात माझ्याकडून जो प्रमाद घडला." सासूबाईंनी आत्याकडे बघितलं, ही पोरगी काय म्हणते अशा नजरेनं.

"घरच्यावानी बोल," आत्या म्हणाली.

घरच्यासारखं माझ्याजवळ काही तयार नव्हतं. "मावशी," मी म्हणाले, "चुकलं माझं. ताई गप बसून राहायची, जेवायची न्हाई. मला भ्या वाटलं." एवढं म्हणून मी रडायला लागले, आणि तेही कादंबरीत रडतात तसं नव्हतं, नाक गळत होतं.

आत्या सासूबाईंना म्हणाली, "तिनं उलटं समजलं, चार माणसांत बोलली, त्याची माफी मागती ती. इचारलं त्याची न्हाई मागणार. मी मागू देणार न्हाई."

मला वाटलं, संपलं सगळं. सासूबाईंनी फडकं सोडलं, एक अनारसा उचलून मोडला. तो कडक झाला होता. अनारसे फार तळले, तुमच्या भावजयीला सांगा, असं त्या म्हणाल्या, आणि उठून त्यांनी चहा ठेवला. वाणाचं ताट आत देवापाशी गेलं. ताई आतल्या दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. ती माझ्याजवळ आली, माझं नाक स्वतःच्या पदरानं पुसलं आणि हळूच म्हणाली, तुला मारावं वाटतंय, पण वाकलं की ओकारी येती.

दाजी आम्हाला स्टँडवर सोडायला आले. बस दिसल्यावर त्यांनी माझ्याशी आयुष्यातलं सर्वांत लांब बोलणं केलं. ते म्हणाले, "मी रोज फोन करायलो, ती उचलत नव्हती. मला बी वाटलं काई चुकलं का आपलं. आता म्हणती, तुमचा आवाज आला की वार्निशचा वास येतो." मिशांखाली ते हसले. मिशा वाईट नव्हत्या.

पुढं सगळं ठीक झालं. ताईला मुलगी झाली. मी दहावी बाहेरून दिली, गणितात काठावर पास झाले आणि आता हिंगोलीला कॉलेजात आहे, बाबा तेव्हा टाकणार होते त्याच वसतिगृहात. पेटी माळवदावरून खाली आणायला आत्यानं बाबांना पंधरा दिवस मागं लागून हैराण केलं. गेल्या वर्षी तिनं अचानक ठरवलं की आता भावाकडे पुरे, आणि ती कळमनुरीला आपल्या एका जुन्या नर्स मैत्रिणीबरोबर दोन खोल्या घेऊन राहायला गेली. दोघी एकमेकींच्या पापण्या बघत असतील. मी सुट्टीत जाते तेव्हा मला आधी पाणी मिळत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या परतीच्या बसमधलं. आत्या खिडकीशी बसली होती. मी माफी मागून हलकी झाले होते आणि मी विचारलं म्हणून बिघडलं कुठं, अशा थाटात बडबडत होते. ती ऐकत नव्हती. सेनगाव जवळ आलं तेव्हा ती बाहेर बघतच म्हणाली, "माझं लगीन झालं, त्या वर्षी बी धोंड्याचा महिना आला व्हता. मी आले व्हते जेवायला. चार दिवस अशीच गप बसून व्हते. सगळ्यांना वाटलं, लेक शहाणी झाली."

तिच्या लग्नाबद्दल मला एवढंच माहीत होतं की ते दोन वर्षंसुद्धा टिकलं नाही आणि एका सकाळी ती तिकडूनच परस्पर नर्सिंगच्या ट्रेनिंगला निघून गेली. घरात त्यावर कुणी बोलत नसे. मी तिला विचारलं, कुणीच काही विचारलं नाही का.

"तुझ्या आज्जीनं इचारलं," ती म्हणाली, "धोंडे गोड झाले का म्हणून."

सेनगावच्या स्टँडवर बस थांबली. माणसं उतरली, चढली, कंडक्टरनं दार लावून घेतलं. बस पुन्हा रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "आन् कुणी इचारलं असतं, तर तू सांगितलं असतंस?"

तिनं मांडीवरच्या रिकाम्या फडक्याची घडी घातली.

"न्हाई," ती म्हणाली. "सांगितलं नसतं. पन कुणीतरी इचारलं, एवढं घेऊन परत गेले असते."